पंचवीस एमबीच्या आत

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी आज मला आत बोलावून दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, राग आला की कागदावर काढत जा, पेशंटवर नको. झालं काय, तर एक गृहस्थ दाढ धरून आले, अपॉइंटमेंट घेतलेली नाही, आणि मी काउंटरवरून थांबायला सांगितल्यावर म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही का?" मग मी जे बोलले ते आतल्या खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या माणसालाही ऐकू गेलं म्हणे. तर आणली वही.

धाकटी, म्हणजे माझी बहीण, जन्मापासून बहिरी. मोठ्या लॉन्ड्रीत रोलरवर कामाला होती. हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या ओल्या चादरी एका बाजूनं आत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूनं कडक इस्त्री होऊन बाहेर येतात. मागच्या महिन्यात रोलरमध्ये चादर अडकून जळायला लागली. भोंगा वाजला. सगळ्या बाया बाहेर पळाल्या आणि ही पाठमोरी, पुढची चादर सरकवत उभी. तिच्यासाठी भिंतीवर एक लाल दिवा बसवलेला होता, भोंग्याबरोबर पेटणारा. तो दिवा तिथून काढून मागच्या फाटकाला लावला होता, ट्रकवाल्यांना दिसावा म्हणून. एका बाईनं धुरात परत येऊन हिला ओढून बाहेर काढलं, म्हणून आज समोर दिसतेय. आणि कामावरून काढलं कुणाला? हिलाच. 'धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष केले.' बहिरीनं भोंग्याकडे दुर्लक्ष केलं. हे वाक्य लिहिताना पेन मोडायची वेळ आली.

तिथल्या सुपरवायझरच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव शिट्टी. त्यानं केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी तिचं बोलणं सांगायला बरोबर गेले होते. धाकटीचे हात थांबेनात. शिट्टीचा चेहरा असा, की आता उठतोच. प्रकरण मिटावं म्हणून मी तिच्या वतीनं माफी मागून टाकली, पुन्हा असं होणार नाही म्हटलं. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. तर त्या माणसानं कामावरून काढल्याच्या पत्रात काय लिहावं? 'सदर कर्मचाऱ्याने बहिणीसमक्ष चूक मान्य केली आहे.' माझ्या चांगुलपणाचा असा उपयोग केला.

कामगारांच्या तक्रारी घेणारं एक ऑफिस आहे. तिथं आता सगळं ऑनलाइन. बहिऱ्यांना आपला जबाब हातांच्या भाषेत, व्हिडिओ करून देता येतो, असं फॉर्मवर ठळक लिहिलंय. त्याच्याखाली बारीक अक्षरात: फाइल पंचवीस एमबीच्या आत हवी. मुदत १४ तारीख.

५ मार्च, बुधवार

आज दवाखाना अर्धा दिवस. जेवणं झाल्यावर जबाब रेकॉर्ड केला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर, धाकटी कपाटासमोर उभी, आणि मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून, ती जे सांगेल ते तोंडानं सांगायला. धाकटीनं फोनकडे आणि मग माझ्या खुर्चीकडे पाहिलं. मी म्हटलं, मी बोलले नाही तर कोण समजणार आहे? ते सगळे ऐकणारे. तिनं खांदे उडवले आणि सुरू झाली.

चौदा मिनिटं बोलली. ती बहिऱ्यांच्या शाळेच्या होस्टेलमध्ये वाढली. तिथली जी खरी हातांची भाषा आहे ती ती फार भरभर करते. मला आमच्या घरच्या खुणा येतात. त्यावर आई, मी आणि ती, आम्हा तिघींचं सगळं निभावलंय. काही ठिकाणी शब्दन्‌शब्द लागला नाही, पण मथितार्थ मला कळतोच. तिचं मन माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? एके ठिकाणी कपाळ पुसल्यासारखं काहीतरी पुन्हा पुन्हा करत होती, तिथं मी सांगितलं की रोलरजवळ फार उकडतं, कामगारांना पंखे नाहीत. चांगली ठासून भर घातली. शेवटी शेवटी तिनं केबिनचा विषय काढून माझ्याकडे बोट केलं. तिथं मी गप्प राहिले. घरातलं चारचौघांत कशाला?

आधी म्हटलं होतं, सरळ लिहून दे, काही भानगड नको. नाही म्हणाली. का, तर कारण नाही. नाही म्हणजे नाही. हट्टी आहे, पहिल्यापासून.

६ मार्च, गुरुवार

दवाखान्यात दुपारी कुणी नव्हतं तेव्हा फाइल चढवायला घेतली. ती निळी पट्टी सरकायला लागली. एक पेशंट झाला, दुसरा झाला, तिसऱ्याचा एक्सरे निघाला, पट्टी सरकतेच आहे. पार टोकाला गेली आणि म्हणाली, फाइल मोठी आहे. अरे, पायरीवरच सांगायचं ना. सबंध जिना चढवून घेतला आणि वर कुलूप.

आमची फाइल दीड जीबीची निघाली. म्हणजे त्यांनी मागितलेल्याच्या साठपट. मग एक फुकटात लहान करून देणारी साइट सापडली. केली लहान. पण त्यांनी स्वतःचं नाव तिरकं, ठळक, बरोबर धाकटीच्या छातीवर छापून दिलं. म्हणजे जिथं हात चालतात तिथंच. जबाब आगीचा आणि छातीवर जाहिरात.

आता हे मी कुणाला बोलू? साइटला तोंड नाही.

७ मार्च, शुक्रवार

व्हिडिओ मेसेजनं स्वतःलाच पाठवला, की आपोआप लहान होतो असं एका पेशंटनं सांगितलं. झाला. चेहरा ठीक, कपाट ठीक, पडद्यावरची फुलंसुद्धा मोजता येतील. बोटांच्या जागी मात्र मळलेल्या कणकेचा गोळा हलतोय. जे जागचं हलत नाही ते स्वच्छ आणि जे बोलतंय तेच पुसट. आणि इतकं करून फाइल मोठी ती मोठीच.

८ मार्च, शनिवार

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाले काका पासपोर्टचे फोटो काढतात आणि लग्नाचे व्हिडिओ बनवतात. सगळं ऐकून म्हणाले, ताई, काळजी सोडा, हे माझ्या डाव्या हाताचं काम. मग त्यांनी समजावलं, की सेकंदाला तीस चित्रं असतात, ती आपण आठावर आणू, फाइल एकदम हलकी. लग्नात कुणाला कळतही नाही, लोक नुसते उभे असतात.

घरी आणून धाकटीला दाखवलं. ती आधी हसली. मग तिनं छातीवर हात ठेवून उचकी लागल्याचं करून दाखवलं, आणि मग हाताला उचकी लागल्याचं. बरोबरच होतं. हात इथं दिसायचा आणि एकदम तिथं, मधलं सगळं गायब. मी परत जाऊन काकांना सांगितलं, की माझ्या बहिणीचे हात म्हणजे तिचं तोंड आहे, तुम्ही तिच्या तोंडातले तीन चतुर्थांश शब्द काढलेत. माझा आवाज चढला असावा, कारण फोटोला बसलेली मुलगी रडायला लागली.

काका शांतपणे म्हणाले, मग लांबी कमी करा. चौदा मिनिटं साहेबलोक बघतात होय?

हे मला पटलं.

१० मार्च, सोमवार

काम संपवून स्टुडिओत बसले आणि काकांच्या शेजारी बसून कापलं. आग ठेवली, धूर ठेवला, कुणीतरी ओढून बाहेर काढलं ते ठेवलं, मला माझी नोकरी परत हवी हे ठेवलं. उकाड्याचं सगळं काढलं, आगीपुढे उकाड्याचं काय? दिव्याबद्दल तिनं फार पाल्हाळ लावलं होतं, हवेत भिंत काय काढली, वायर काय काढली, ते एका वाक्यावर आणलं. केबिनचं काढलंच. चार मिनिटांचा सुटसुटीत जबाब झाला. माझा आवाज खणखणीत, बोटं एकदम स्पष्ट. फाइल पंचवीसच्या आत.

येताना बरं वाटत होतं. आठवड्यात पहिल्यांदा.

११ मार्च, मंगळवार

सकाळी निघायच्या आधी धाकटीला दाखवलं. तिनं शांतपणे पाहिलं. पुन्हा लावलं. मग विचारलं, दिवा कुठाय? मी सांगितलं, आहे की एका वाक्यात. विचारलं, केबिन कुठाय? आणि ते कपाळ पुसण्याचं? मी म्हटलं, बाई, त्या ऑफिसात आपण एकट्या नाही, लोकांना वेळ नसतो, मुद्द्याचं तेवढं ठेवलंय. मी आठवडाभर या फाइलसाठी वणवण करतेय. दवाखान्यात बोलणी खाल्ली, स्टुडिओत भांडले, कुणासाठी?

तेव्हा तिनं सावकाश, मला नक्की कळावं म्हणून घरच्या खुणांत, एकच गोष्ट केली. गळ्यात दोरी असल्यासारखी बोटं छातीपर्यंत नेली, शिट्टी ओठाला लावली आणि माझ्याकडे बोट केलं.

मला. शिट्टी.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अर्ध्यात तिनं डोळे मिटून घेतले. आता बहिऱ्या माणसाशी भांडताना त्यानं डोळे मिटले तर आपण काय करायचं? माझे हात हवेत. शेवटी आई आतून म्हणाली, बस कर, तुझं फक्त मलाच ऐकू येतंय.

१२ मार्च, बुधवार

अबोला. म्हणजे काय ते ज्याच्या घरात बहिरं माणूस आहे त्यालाच कळेल. ती माझ्याकडे बघत नाही, संपलं. आईला विचारलं, चुकलं कुणाचं? ती म्हणाली, मला एकीचं ऐकू येतं आणि एकीचं दिसतं, मला कशाला मध्ये घेता?

१४ मार्च, शुक्रवार

आज मुदतीचा दिवस. दुपारी घरी आले तर धाकटी फोन घेऊन बाहेर पडत होती. मी मागोमाग गेले. ती तडक स्टुडिओत. काकांनी आधी तिच्याकडे आणि मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, काय हवंय असं. धाकटीनं टेबलावर थाप मारून त्यांना आपल्याकडे बघायला लावलं. मग सबंध चौदा मिनिटांची फाइल उघडायला लावली.

स्क्रीनवर वर चित्रांची पट्टी आणि खाली एक दातेरी हिरवी पट्टी, वरखाली उसळलेली. तिनं त्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. हे काय? काकांनी पावतीच्या मागं लिहिलं, 'आवाज'. तिनं भुवया उंचावल्या. कुणाचा? काकांनी अवघडून माझ्याकडे बोट केलं. तिनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि 'आवाज' या शब्दावर आडवी रेघ मारली.

मी म्हटलं, अजिबात नाही. माझ्या आवाजाशिवाय ती नुसती हातवारे करणारी बाई दिसेल. पण काका स्क्रीनकडे बघत बसले होते. मग जरा ओशाळून म्हणाले, "ताई, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. एवढ्याशा फाइलमध्ये निम्मी जागा तर आवाजच खातोय. उरलेल्या निम्म्यात मी तिचे हात कोंबत होतो."

मी विचारलं, लग्नांचे इतके व्हिडिओ केलेत, मग हे कसं कळलं नाही? म्हणाले, लग्नात आवाज काढून टाका असं कुणी कधी म्हणालंच नाही.

आवाज काढला. मग धाकटीनं दोन्ही हातांची चौकट करून दाखवली, एवढंच ठेवा. काकांनी बाजू कापल्या. पंख्यानं सारखा हलणारा पडदा गेला, कपाट गेलं, माझा खांदा गेला. म्हणाले, हलणारा पडदाही खूप खातो. चित्रं आकारानं लहान केली, पण सेकंदाला तीसची तीसच ठेवली. तयार व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही तिघं भिंतीवरच्या नवरानवरींकडे बघत उभे.

फाइल बसली. पंचवीसच्या आत, चौदाच्या चौदा मिनिटं. काकांनी लावून दाखवली. स्टुडिओत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता आणि स्क्रीनवर तिची बोटं एकेक सुटी दिसत होती. तिथूनच चढवली. हिरवी खूण आली. धाकटीनं काकांशी हात मिळवला. माझ्याशी नाही.

घरी येताना मी मनात म्हटलं, कर आता. कुणाला काही कळणार नाही आणि मग माझ्याकडेच येशील. लिहितेय तसंच म्हटलं. राग आला होता.

२७ मार्च, गुरुवार

ऑफिसनं व्हिडिओ कॉलवर सुनावणी ठेवली. माझ्याच फोनवर, पुन्हा साखरेच्या डब्याला टेकवून. मी खुर्ची ओढली. समोर एक अधिकारी आणि एक पिकल्या केसांच्या बाई, ऑफिसच्या दुभाषी. बाईंनी हातांनी धाकटीला काही विचारलं, धाकटीनं उत्तर दिलं, आणि दोघी एकदम हसल्या. पहिल्याच वाक्याला. मग अधिकारी म्हणाले, नातेवाइकांनी कृपया खोलीबाहेर थांबावं.

नातेवाईक. ठीक आहे.

स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. धाकटीचं बोलणं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या दुभाषीबाई तिचं बोलणं अधिकाऱ्याला सांगत होत्या, आणि तो आवाज दारातून स्वच्छ येत होता. मी नेहमी 'ती म्हणते' असं सांगते. या बाई 'मी' म्हणत होत्या. मी रोलरवर काम करते. मी नव्या मुलींना शिकवते. हे मला माहीत नव्हतं, ती कुणाला शिकवते ते.

मग बाई म्हणाल्या, "दिवा काढलेला मला पहिल्याच दिवशी दिसला. मी सुपरवायझरना चिठ्ठी लिहून दिली. माझं लिहिणं तुटक असतं. त्यांनी ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. सगळ्या का हसतायत ते मला कळलं नाही, पण चिठ्ठी त्यांच्या हातात होती. दुसरी चिठ्ठी दिली, तिनं त्यांनी कपाळ पुसलं आणि टाकून दिली."

त्या जागी मी पंखे नाहीत म्हणून सांगितलं होतं.

अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही बहिणीसमोर चूक मान्य केली असं कंपनीचं म्हणणं आहे. बाईंचा आवाज आला, "मी माफी मागितली नाही. माझे हात दिवा कुठे गेला ते विचारत होते. माफी ताईनं मागितली." अधिकारी म्हणाले, म्हणजे बहिणीनं खोटं सांगितलं का? यावर आत धाकटीची खुर्ची करकरली. मग बाई म्हणाल्या, "नाही. ती माझ्या बाजूनंच आली होती. मी काय म्हणतेय ते तिला कळलं नाही, आणि तिनं विचारलं नाही."

मी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली, चांगली आपटून. इतकी वर्षं शाळेत, बँकेत, हॉस्पिटलात हिच्या पुढे कोण उभं होतं? हे त्या बाईला कोण सांगणार? आई दारात येऊन म्हणाली, अगं हळू, तिकडे ऐकू जातंय. मी म्हटलं, जाऊ दे. मग नळ बंद केला, कारण पुढचं ऐकायचं होतं. पण पुढचं तारखांचं वगैरे होतं.

संपल्यावर धाकटीनं फोन आणून दिला. माझ्या ओल्या हातांकडे, भांड्यांकडे पाहिलं. तिनं फडकं घेतलं आणि पुसायला लागली.

११ एप्रिल, शुक्रवार

निकाल आला. तिला परत कामावर घ्यायचं, पत्रातलं ते 'चूक मान्य केली' काढून टाकायचं, आणि दिवा आधी बसवायचा, मग रोलर सुरू करायचा. आईनं सगळा कागद दोनदा वाचायला लावला.

दुपारी दवाखान्यात शिट्टीचा फोन. आवाजात नुसतं तूप. ताई, झालं गेलं विसरून जाऊ, सोमवारपासून येईल ना ती? आणि दिवा डाव्या हाताला चालेल की समोर हवा, तेवढं सांगून टाका म्हणजे माणूस पाठवतो. माझ्या तोंडावर आलं होतं, समोर लावा. तोंड उघडलंही होतं.

मी म्हटलं, "तिला विचारा. तिच्या फोनवर लिहून विचारा, आणि ती जे लिहील ते नीट वाचा."

तो म्हणाला, अहो, तुम्हीच सांगा ना, ते सोपं पडतं. त्यावर मी जे बोलले त्यानं डॉक्टरीणबाई हातातलं हत्यार घेऊन बाहेर आल्या. मग तशाच परत आत गेल्या. पेशंटशी नव्हते बोलत मी.

संध्याकाळी घरी आले तर धाकटीच्या फोनवर त्याचा मेसेज आलेला आणि तिनं उत्तर पाठवलेलंही. काय लिहिलंस, मी विचारलं. ती तिच्या त्या भरभर भाषेत काहीतरी म्हणाली, हात खाली, मग आडवा, मग दोन बोटं मनगटावर. साधारण अंदाज आला होता. तेवढ्यावर मी एरवी मान डोलावून आत गेले असते.

पुन्हा कर, म्हटलं. हळू.

तिनं केलं. नाही कळलं. तिनं डोळे मोठे करून श्वास सोडला, जसा मी दवाखान्यात सोडते तसा. मी चप्पल काढून तिच्या समोर बसले आणि तिसऱ्यांदा विचारलं.